ओळखी वाढल्या, उधारी तशीच

मुंबईच्या उपनगरांतल्या मराठी छोट्या उद्योजकांनी ठरवून, वार लावून ओळखी वाढवायला सुरुवात केली, तिचा ठळक टप्पा म्हणजे २००० साल. त्या वर्षी अभियंते माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला. एकमेकांच्या मदतीने सगळ्यांनी श्रीमंत व्हावे, असे त्याचे उद्दिष्ट होते. पैसा मिळवण्याबद्दल चारचौघांत मोकळेपणाने बोलण्याची सवय मराठी घरांत तेव्हा फारशी नव्हती, म्हणून हे विशेष.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापलेले महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स होते. पण गाळ्यातल्या माणसाला त्याची पायरी उंच वाटे. घाटकोपर-मुलुंडच्या कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांना भांडवल, दुकान आणि पहिले गिऱ्हाईक ज्ञातीच्या महाजनातून व नात्यागोत्यातूनच मिळे. पार्ले-बोरिवलीच्या मराठी घरांत बँक, आयुर्विमा किंवा कंपनीची नोकरी. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. हातात रक्कम आणि समोर रिकामा दिवस असलेल्यांपैकी काहींनी धंदा मांडला, पण त्यांच्या ओळखी खातेदारांच्या होत्या, बाजारातल्या नव्हत्या.

इव्हान मिसनर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली बीएनआय ही सभासदांनी एकमेकांना गिऱ्हाईक सुचवण्याची, म्हणजे रेफरलची, संस्था २००० च्या दशकाच्या मध्याला मुंबईत आली. बाकी पुढली काही वर्षे व्हिजिटिंग कार्डे वाटण्यात गेली.

खरा मोसम २०१० ते २०२० चा. मेट्रोची वर्सोवा-घाटकोपर मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतला दुरावा कमी झाला. अंधेरी पूर्वेच्या एखाद्या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये अशा रेफरल गटाची सकाळी सातला सभा. बोरिवलीहून येणारा अंधारातच लोकल पकडे. दाराशी नावाचा बिल्ला, आत इडली-वडा आणि चहा. मग प्रत्येकाची मिनिटभराची ओळख. वेळ संपली की घंटा. एका व्यवसायाचा एकच सभासद, ही या पद्धतीतली मुख्य अट. दोन इंटिरियरवाले किंवा दोन सीए एका गटात नसत, त्यामुळे हेवेदावे टळत. रेफरल चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि काम झाले की किती रुपयांचे झाले ते सर्वांसमोर सांगायचे. गैरहजेऱ्या मोजल्या जात. स्वतःला जमणार नसेल तर बदली माणूस पाठवायचा.

या शिस्तीने बरेच दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वतःचे काम साठ सेकंदांत सांगता येणे ही कला हजारो लाजाळू माणसांनी इथे कमावली. पण सभेत वाचले जाणारे आकडे उलाढालीचे असत, नफ्याचे नव्हे. छपाईवाल्याने चाळीस हजारांचे काम केले आणि हातात तीन हजार उरले, तरी टाळ्या चाळीस हजारांना. शिवाय चाळीस जणांच्या गटात विमा, वेबसाइट, कर सल्ला, गिफ्टिंग हेच जास्त. ते एकमेकांचे गिऱ्हाईक होत आणि पैसा गटातच फिरे. साकीनाक्याच्या गाळ्यात जॉबवर्क करणाऱ्याला लागणारा कारखान्याचा परचेस मॅनेजर त्या हॉलमध्ये कधी फिरकला नाही. पदाधिकारी मात्र घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजत राहिले, आणि त्यांचेच धंदे आधी मागे पडले.

याच दशकात बिझनेस कोच आला. मायकेल गर्बर यांच्या १९८६ च्या ‘ई-मिथ’ या पुस्तकातला विचार, म्हणजे मालकाने स्वतः राबण्याऐवजी यंत्रणा उभारावी, हा उपनगरी कोचिंगचा मूळमंत्र. दहा कामगारांच्या कारखान्यात तो उपयोगी पडतो. घरच्या घरी फराळ करून विकणाऱ्या बाईला किंवा दोन मशीन आणि एक हेल्परवाल्याला ‘तुम्ही धंद्यात नव्हे, धंद्यावर काम करा’ सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. कोच होण्यास आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही. त्यामुळे ज्यांचा स्वतःचा धंदा बसला, त्यांतलेही काही दुसऱ्यांचा धंदा वाढवू लागले.

नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि १ जुलै २०१७ चा जीएसटी यांनी हे सारे उघडे पाडले. नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कराची वजावट मिळत नाही. तेव्हा रेफरल देण्याआधी ‘जीएसटी बिल आहे का?’ हा प्रश्न आला आणि वीस लाखांखालच्या उलाढालीचा, नोंदणी नसलेला धंदेवाला व्यापारी कामांतून हळूच गळला. कार्यशाळांत मात्र अडचणीचे कारण एकच सांगितले जाई: मानसिकता. तीन महिने थकलेल्या बिलाला मानसिकतेचे औषध लागू पडत नाही, हे बोलून दाखवणारा ‘नकारात्मक’ ठरे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर सभा झूमवर गेल्या. नागपूर-कोल्हापूरची माणसे भेटू लागली, पण एकमेकांच्या गाळ्यावर जाऊन मशीन पाहणे, मालाला हात लावणे, चहावर भाव ठरवणे थांबले ते थांबलेच. या चळवळीत हळहळ वाटावी अशी गोष्ट तीच. गाळेही राहिले नाहीत. अनेक वसई आणि भिवंडीकडे गेले, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटींच्या जागी टॉवर आले. आता तर नव्व्याण्णव रुपयांचा वेबिनार, मग काही हजारांची कार्यशाळा, मग लाखाच्या घरातला ‘मास्टरमाइंड’ अशी चढण आहे, आणि शेवटच्या पायरीवर शिकवतात ते कोच कसे व्हावे.

उधारीचा प्रश्न सुटायला जी काही हालचाल झाली ती कायद्याने. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ही तरतूद वर्षानुवर्षे कागदावर होती. आयकर कायद्याच्या कलम ४३ब(एच) ने २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेल्या रकमेची त्या वर्षीची वजावट रोखली, तेव्हा मोठ्या खरेदीदारांचे अकाउंट्स विभाग पुरवठादाराचा ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीचा क्रमांक स्वतःहून मागू लागले. २००६ च्या कायद्यातल्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते, पण पार्टी तुटेल या भीतीने छोटा माणूस सहसा जात नाही. आणि घाटकोपरचा किंवा मुलुंडचा दुकानदार यात बसतच नाही: जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, तरी तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जापुरताच ठेवला आहे.