बियासकाठचा तह आणि सतलजेअलीकडील मुलूख

मराठेशाहीच्या उत्तरकाळातील तहांची चर्चा मराठीत बहुधा वसईपासून (३१ डिसेंबर १८०२) सुरू होते आणि देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे (डिसेंबर १८०३) विसावते. यशवंतराव होळकरांशी इंग्रजांनी केलेला तह मात्र २४ डिसेंबर १८०५ रोजी पंजाबात, बियास नदीच्या काठी राजपूरघाट येथे झाला. महाराष्ट्रापासून तो इतका दूर घडला म्हणूनच की काय, एका पराभूत सरदाराच्या माघारीचा कागद यापलीकडे त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः हा तह मराठ्यांइतकाच पंजाबच्या इतिहासाचा भाग आहे.

डीग व फर्रुखाबाद येथील पराभवांनंतर यशवंतराव शिखांचे साहाय्य मिळेल या आशेने अमृतसरकडे वळले आणि लेकचे सैन्य त्यांच्या पाठोपाठ बियासपर्यंत आले. रणजितसिंग त्या वेळी जेमतेम पंचविशीचा होता; दोन सैन्ये दाराशी उभी असता त्याने होळकरांना साथ न देण्याचे ठरविले. मराठी लेखनात याला कधीकधी विश्वासघाताचा रंग दिला जातो. तो अन्यायाचा आहे. लाहोरची सत्ता अद्याप स्थिरावली नव्हती आणि होळकरांच्या बाजूने उतरणे म्हणजे इंग्रजी फौज आपल्या मुलखात ओढून आणणे होते.

तहाची बोलणी कंपनीच्या वतीने माल्कमने केली. होळकरांनी टोंक, रामपुरा व बुंदी यांवरील आणि बुंदीच्या डोंगरांच्या उत्तरेकडील हक्क सोडावेत, कंपनीच्या संमतीवाचून युरोपीय नोकर ठेवू नयेत आणि नेमून दिलेल्या वाटेने परत जावे, अशी कलमे त्यात आहेत. सत्ताधीशाने कोणत्या रस्त्याने घरी जावे हेही दुसऱ्याने ठरवावे, यातच तहाचे खरे स्वरूप दिसते. तहाच्या प्रती इंग्रजी व फारसीत देण्यात आल्या. ज्याच्यावर तो लादला त्याची भाषा मराठी होती. (मराठीत ‘तह’ म्हणजे करार, हिंदी-पंजाबीत त्याच शब्दाचा अर्थ घडी किंवा थर असा होतो.)

पुढील घटना अधिकच बोलकी आहे. कंपनीची तिजोरी युद्धाने रिकामी झाली होती; कॉर्नवॉलिसनंतर सूत्रे हाती घेणाऱ्या बार्लोला राजपुतान्यातील जबाबदाऱ्या नको होत्या. त्याने फेब्रुवारी १८०६ मध्ये एक खुलाशाचे कलम जोडून टोंक, रामपुरा व बुंदी यांविषयीचे बंधन काढून टाकले. लाभ होळकरांचा झाला, पण निर्णय त्यांचा नव्हता. बुंदीच्या राजाने तर कंपनीला मदत केली होती. त्याला वाऱ्यावर सोडले गेले.

बियासच्या तहानंतर आठच दिवसांनी, १ जानेवारी १८०६ रोजी, रणजितसिंग व फत्तेसिंग अहलुवालिया यांच्याशी कंपनीने लाहोरचा करार केला. होळकरांना अमृतसरपासून तीस कोस दूर जावयास लावावे व पुढे त्यांच्याशी कसलाही संबंध ठेवू नये, असे त्यात मान्य करवून घेतले होते. दोन शेजाऱ्यांशी वेगवेगळे कागद करून त्यांना परस्परांपासून तोडावयाचे, ही ती रीत. तिचा पुढचा प्रयोग पंजाबवरच झाला.

आज चंदीगड उभे आहे तो भूभाग सतलजेच्या अलीकडचा. शहरात सामावलेले मनीमाजरा हे त्या काळी एका शीख सरदाराचे ठाणे होते. २५ एप्रिल १८०९ च्या अमृतसरच्या तहाने रणजितसिंगाचा विस्तार सतलजेवर अडविला गेला आणि ३ मे रोजी निघालेल्या जाहीरनाम्याने अलीकडचे सरदार कंपनीच्या ‘संरक्षणा’खाली आले. खंडणी माफ झाली. मात्र लष्कराला धान्य व युद्धप्रसंगी साथ देणे भाग होते. शिवाय, वारस नसलेले संस्थान संरक्षकाकडे जाऊ लागले. कैथल १८४३ मध्ये असेच गेले. याच दरबाराच्या आश्रयाने भाई संतोखसिंगांचा ‘गुरुप्रताप सूरज ग्रंथ’ त्याच वर्षी पुरा झाला होता.

लाहोर दरबारावर ९ मार्च १८४६ रोजी लादलेल्या तहात दीड कोटींची भरपाई मागितली गेली. त्यापैकी एका कोटीच्या बदली काश्मीरसह डोंगरी मुलूख घेऊन आठवड्याभरात तो पंचाहत्तर लाखांना गुलाबसिंगास देण्यात आला. १८४९ मध्ये उरलेले राज्यही खालसा झाले. होळकरांची स्वतंत्र सत्ता त्याआधीच, १८१८ च्या मंदसोरच्या तहाने संपली होती.