ओट्याची घोटाई

ओटा जुना झाला की ज्याला त्याला तो काढून टाकावासा वाटतो. नवा दगड बसवायचा म्हणजे तोडफोड आली, डबर उतरवणं आलं, सिंक पुन्हा बसवणं आलं, भिंतीवरच्या खालच्या टाइल्स फुटणं आलं आणि तोवर बाहेरचं जेवण. दगडाच्या किमतीपेक्षा हा बाकीचा खर्चच जड जातो. जुना दगड तडकलेला नसेल, तर बिघाड बहुधा वरच्या केसभर थरातच असतो. तेवढा काढला की काम होतं.

आमचा ओटा दोन जातींचा: गॅसखाली काळा ग्रॅनाइट, सिंककडे जुना कडाप्पा. घोटाईला बोलावलेल्या मिस्त्रींनी मशीनला हात लावण्याआधी दोन्हींवर नजरेआडच्या कोपऱ्यात लिंबाचा एकेक थेंब टाकला. थोड्या वेळानं पुसला तर ग्रॅनाइट जसाच्या तसा, कडाप्प्यावर मात्र फिकट ठिपका. आंध्रातल्या कडप्प्यावरून नाव पडलेला हा दगड म्हणजे चुनखडक. चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, लिंबू, जे आंबट सांडेल ते त्याला खातं. म्हणून ते पांढरे डाग घासून निघत नाहीत. तिथे काही लागलेलंच नसतं. दगडच गेलेला असतो. व्हिनेगरनं ओटा लखलखीत करण्याचे घरगुती उपाय कडाप्प्याला तर मुळीच करू नयेत.

सिंकभोवती बोअरच्या पाण्याचा चिवट थर होता. मिस्त्रींनी ब्लेड जवळजवळ आडवं धरून तो खरवडला, टोक कुठेही न रुतवता. मग हातमशीनवर हिऱ्याचे पॅड चढले. पॅडवरचा आकडा जितका लहान, तितका तो खरखरीत. खोल ओरखडे असतील तिथे ५० किंवा १००, मग २००, ४००, ८००, १५०० आणि शेवटी ३०००. चकाकी दगडावर चढवलेली नसते. आधीच्या पॅडचे ओरखडे पुढचा पॅड बारीक करत जातो आणि अखेर ते डोळ्यांना दिसेनासे होतात. मधला एखादा आकडा गाळला तर त्याचे ओरखडे तसेच राहतात आणि वरून कितीही बारीक पॅड फिरवला तरी तिरप्या उजेडात दिसतात. स्वस्तातली घोटाई फसते ती बहुतेक इथेच.

काम ओल्यानंच. पाण्यानं पॅड थंड राहतो आणि धूळ उडत नाही. कोरडं घासलं तर घरभर धूळ होते, आणि सिलिका असलेल्या दगडाची ती धूळ फुप्फुसं निकामी करते. मात्र पाणी आणि वीज एकत्र आली की धोकाही आलाच. वीजगळती होताच आपोआप तुटणारा स्विच नसलेल्या घरात हे काम करू देऊ नये.

पाण्याचा आणखी एक खेळ असतो. ओला दगड नेहमीच काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो, कारण ओरखड्यांत पाणी भरलेलं असतं. म्हणून मिस्त्री दर पॅडनंतर वीतभर जागा फडक्यानं पुसायचे, पंखा लावून वाळवायचे आणि खाली वाकून तिच्यात ट्यूबलाइट बघायचे. ४०० नंतर ट्यूबचा नुसता धुरकट पट्टा, ८०० नंतर त्याला कडा, १५०० नंतर सरळ रेघ. “ताई, दगड वाळला की खरं बोलतो,” असं म्हणून त्यांनी एक भाग पुन्हा ४०० वर घेतला.

पैसे बेताचेच होते, म्हणून कडाप्पा ८०० लाच थांबवला. आरसा करून काय उपयोग? पहिल्याच सोलकढीला तो जाणार. त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन उरलेलं पुसून काढलं. हे तेल हवेत वाळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं चिकट राहतं आणि वास धरतं. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र बोळा करून टाकायचं नाही, आपोआप पेटू शकतं, पसरून वाळवायचं. आणि कुणी काळं मेणपॉलिश चोळून ‘नवा ओटा’ करून देत असेल तर चार पैसे वाचवून घरीच बसावं. तो रंग आठवडाभर फडक्याला लागत राहतो.

वाचलेले पैसे सांध्यांत घातले. दोन दगडांमधलं जुनं व्हाइट सिमेंट भुगा होऊन निघालं होतं आणि झुरळांची ये-जा तिथूनच होती. सांधा खरवडून, पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंना टेप लावून त्यात काळा रंग कालवलेलं मास्टिक भरलं. हार्डनर मिसळला की ते काही मिनिटांतच आळतं, त्यामुळे थोडं थोडंच कालवायचं. सिंकच्या कडेला मास्टिक नाही, सिलिकॉन. पाण्याच्या वजनानं सिंक किंचित हलतं आणि कडक भरणी तिथे चिरते. मिक्सरमागचा कोपरा घोटायचा राहिला, तो मुद्दामच राहू दिला. मजुरीत तेवढी घासाघीस करता आली.