तयार चौकट कशी निवडावी?

दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण संगणकावर बैठक क्रमांक व आईचे नाव भरतो, बटण दाबतो आणि गुण पडद्यावर येतात. तेवढ्या वेळात दूरच्या एका संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, चार कामे उरकलेली असतात. कोणते पान मागितले आहे ते ओळखणे, भरलेली माहिती तपासणे, डेटाबेसमधून गुण शोधणे आणि ते पानाच्या साच्यात बसवून परत पाठवणे. रेल्वेचे आरक्षण असो वा पुस्तकांची विक्री, ही कामे फारशी बदलत नाहीत.

१९९३ साली 'सीजीआय' ही पद्धत आली. तिच्यात प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एक प्रोग्रॅम नव्याने सुरू करी, आणि ही बहुतेक कामे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावी लागत. तेच ते पुन्हा लिहिण्याच्या कंटाळ्यातून पुढे तयार चौकटी जन्मल्या. त्यांनाच फ्रेमवर्क म्हणतात.

फ्रेमवर्क आणि लायब्ररी एक नव्हेत. लायब्ररी ही हत्यारांची पेटी. हवे ते हत्यार आपण काढून वापरतो. फ्रेमवर्क हे शाळेच्या वेळापत्रकासारखे असते. घंटा केव्हा होणार, कोणत्या वर्गावर कोण जाणार, हे आधीच ठरलेले असते. आपल्या तासाला काय शिकवायचे, तेवढे आपण ठरवतो.

मग अनेक चौकटींतून निवड कशी करावी? प्रत्येक चौकट कोणत्या गरजेतून आली हे पाहिले, की तिचा स्वभाव कळतो. 'जँगो' ही चौकट अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली आकाराला येऊ लागली. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे तिचे कर्ते. वृत्तपत्रात काम तासांच्या मुदतीत हवे असते. म्हणून माहिती भरण्याचे व दुरुस्त करण्याचे पडदे जँगो जवळजवळ आयते देते. २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. उलट २०१०ची 'फ्लास्क' मुद्दाम लहान ठेवलेली आहे. डेटाबेसची सोयदेखील आपणच जोडायची. छोट्या कामाला ती सुटसुटीत, पण काम वाढले की जोडलेल्या प्रत्येक भागाची जबाबदारी आपली.

ही जबाबदारी किती मोठी, ते पाहू. समजा, एखाद्या शाळेने गुण दाखवणारे पान तयार केले. क्रमांकाच्या चौकोनात कोणी क्रमांकाऐवजी डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचा तुकडाच लिहिला, आणि आपल्या प्रोग्रॅमने तो जसाच्या तसा आज्ञेत चिकटवला, तर डेटाबेस तो तुकडाही आज्ञा म्हणूनच पाळेल. सर्व मुलांचे गुण उघडे पडतील, कदाचित बदललेही जातील. याला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. जँगोच्या नेहमीच्या पद्धतीने लिहिले, तर आज्ञा व भरलेली माहिती वेगवेगळी पाठवली जाते आणि हा धोका टळतो. घाईत विसरलो तरी सुरक्षित राहू, अशी सोय चौकटीत आहे का, हा पहिला प्रश्न.

पुष्कळांना मात्र वेगाचे आकर्षण असते. समजा, एका पानाला १०० मिलिसेकंद लागतात व त्यांतले ८० डेटाबेसची वाट पाहण्यात जातात. दुप्पट वेगाची चौकट आणून उरलेले २० निम्मे केले, तरी पान ९० मिलिसेकंदांत येणार! अशा वेळी डेटाबेसचा शोध सुधारणे अधिक फायद्याचे. हजारो जण एकाच वेळी जोडलेले राहून संदेश पाठवत असतील, तर गोष्ट निराळी. तेथे २००९ साली आलेल्या 'नोड' या व्यवस्थेवर चालणारी 'एक्स्प्रेस'सारखी चौकट सोयीची पडते.

शेवटचा प्रश्न सांभाळण्याचा. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या जँगो ४.२ या आवृत्तीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत तीनच वर्षांची ठरवलेली होती, आणि ती दीर्घ मुदतीची आवृत्ती! म्हणजे चौकट एकदा निवडून भागत नाही. ती वेळोवेळी नवी करणारे माणूस हवे. ज्या भाषेची व चौकटीची जाण असणारी माणसे आपल्याजवळ आहेत, तीच बहुधा योग्य निवड.

वर्गात हे पडताळून पाहता येईल. दोन गटांनी वेगवेगळ्या चौकटींत वाचनालयाच्या पुस्तकांची यादी दाखवणारे पान करावे. मग गटांनी कामाची अदलाबदल करावी आणि दुसऱ्याच्या पानात, त्याला काहीही न विचारता, 'परत करण्याची तारीख' हा रकाना वाढवावा. कोणते काम लवकर झाले, यावरून चौकटीची खरी पारख होईल.