हात माझा, पेपर तिचा

‘एनएसएस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? खराटे घेऊन गाव झाडणारी मुलं, झाडं लावणं, पथनाट्य आणि दत्तक गावातलं सात दिवसांचं शिबिर. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी. तेव्हा 37 विद्यापीठांतले 40 हजार विद्यार्थी तीत होते. दोन वर्षांत 240 तास काम करायचं, असा तिचा हिशेब. माझ्या तासांतले बरेचसे मात्र मी बाकावर बसून, पेपर लिहिण्यात घालवले. तेही दुसऱ्याचे!

मी एस. वाय. बी. कॉम.ला होते. आमच्या सरांनी वर्गात विचारलं, “अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक हवी आहे. कोण जाईल?” वर्गात शांतता. परीक्षा सगळ्यांच्याच तोंडावर आलेल्या. ज्या ताईसाठी लेखनिक हवी होती ती टी. वाय. बी. ए.ला, विषय इतिहास. ठरलेल्या मुलीनं ऐनवेळी नकार दिला होता आणि ताईनं दहा-बारा जणींना फोन करून झाले होते. वर्षभर अभ्यास केलाय, पण लिहिणारं कुणी नाही म्हणून वर्ष जायची वेळ! मी हात वर केला.

घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “अगं, तुझा अभ्यास कोण करणार?” तिचंही चूक नव्हतं. पण माझे पेपर दुपारचे आणि ताईचे सकाळचे होते, त्यामुळे जमलं.

ताईचा अभ्यास कसा चालतो ते मी जवळून पाहिलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली लेक्चर्स ती पुन्हा पुन्हा ऐकते. ब्रेलच्या पाटीवर नोट्स काढते. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा ठिपक्यांत अख्खी बाराखडी! मला तर बघूनच दमायला झालं.

पेपरला आम्हाला तळमजल्यावर वेगळी खोली आणि एक पर्यवेक्षिका. तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. मी प्रश्न वाचायचा, ती पुन्हा वाचायला सांगणार, मग बोटांनी बाकावर ताल धरत विचार करणार आणि सांगू लागणार, “लिही... नवा परिच्छेद...” मधूनच विचारणार, “किती वाजले गं? किती पानं झाली?”

वाटलं होतं, सोपं काम आहे. ऐकायचं आणि लिहायचं. पण दुसऱ्याच पेपरला कसोटी लागली. प्रश्न होता राष्ट्रीय सभेच्या स्थापनेचा. ताई म्हणाली, “1885 साली पहिलं अधिवेशन पुण्यात भरलं.” ते मुंबईत भरलं होतं, हे मला शाळेपासून पाठ! पर्यवेक्षिका खिडकीपाशी होत्या. एक शब्द बदलला असता तर कुणाला कळणार होतं? पण बदलायचं तर सोडाच, मला नुसतं थांबताही येत नव्हतं. लेखनिकाचा हात अडखळला की सांगणाऱ्याला लगेच समजतं, इथं काहीतरी चुकलंय. म्हणजे थांबणं हीसुद्धा मदतच! मी त्याच वेगानं ‘पुण्यात’ लिहिलं आणि पुढं गेले. पोटात मात्र कालवाकालव झाली.

बाहेर चहा घेताना मी तिला ते सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “अगं, ठरलं होतं पुण्यातच! पटकीची साथ आली म्हणून मुंबईला नेलं. वाचलं होतं गं, घसरलंच.”

“मला फार वाईट वाटत होतं लिहिताना,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “तू मुंबई लिहिलं असतंस तर ते मार्क तुझे झाले असते. आमच्या मार्कांकडं लोक तसेही संशयानं बघतात. लेखनिकानं सांगितलं असेल, म्हणतात. मला माझे पन्नास चालतील, तुझे सत्तर नकोत.”

मैत्रिणींनो, सेवा म्हणजे आपल्याजवळचं दुसऱ्याला देणं, असंच मला वाटत होतं. आपलं शहाणपण खिशात ठेवून दुसऱ्याचं म्हणणं जसंच्या तसं उतरवणं हीही सेवा असते आणि ती जास्त अवघड असते, हे मला ताईनं शिकवलं. आजारी सासूबाईंना भरवताना, मुलाचा प्रकल्प करून देताना आपण सगळ्याच जणी नकळत त्यांचा पेपर आपण लिहीत असतो की नाही?

आता एक गंमत सांगते. लेखनिक सहसा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. म्हणजे दहावी-बारावीनंतर जिचं शिक्षण सुटलं, त्या बाईचं ‘अर्धवट’ शिक्षण इथं पात्रता ठरू शकतं! प्रत्येक परीक्षेचे नियम वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून आधी शाळा-कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारायचं. नावनोंदणी, ओळखपत्र, फोटो ही कागदपत्रं परीक्षेपूर्वीच द्यावी लागतात. शक्य झाल्यास विद्यार्थ्याला आधी एकदा भेटावं. त्याचा सांगण्याचा वेग कळतो, आपलं अक्षर आणि शुद्धलेखनही तपासून होतं. आणि एकदा हो म्हटलं की ऐनवेळी नाही म्हणू नये. आपल्यासाठी ती एक सकाळ असते, समोरच्याचं वर्ष असतं.

लेखनिक होणं जमत नसेल तर वाचून द्यावं. माझी आई बारावी झालेली. आता दुपारी भांडी-धुणी आटोपली की पंखा बंद करून, दार लावून ती ताईच्या पुस्तकातली पाच-सहा पानं मोबाईलवर रेकॉर्ड करते. मध्ये कुकरची शिट्टी आली तर ताई म्हणते, “राहू दे काकू, तेवढीच सोबत!”