मे महिन्यातल्या संशोधनाचा अर्ज नोव्हेंबरातच भरावा लागतो

खारघरचं टाटा मेमोरियलचं 'अ‍ॅक्ट्रेक' आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे ते कॅन्सरचं हॉस्पिटल म्हणून. कुणी नातेवाईक दाखल असला की आपण डबा घेऊन जातो, दुआ करून परत येतो. त्याच आवारात कॅन्सरवर मूलभूत संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे पीएच.डी. करता येते, आणि कॉलेजचं पत्र असेल तर विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठीही घेतलं जातं. हे तळोजा-पनवेलच्या किती घरांत ठाऊक आहे?

वाशी, नेरूळ, पनवेलच्या कॉलेजांत बी.एस्सी., फार्मसी, इंजिनीअरिंग करणाऱ्या आपल्या मुली-मुलांची संख्या कमी नाही. सुट्टीत कुठे संशोधनाचं काम मिळेल का, असं ती विचारतातही. पण विचारतात एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्यावर. तोवर बहुतेक दारं बंद झालेली असतात.

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या, मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर स्टायपेंड आणि प्रवासखर्च. त्याचे अर्ज आदल्या वर्षीच, साधारण नोव्हेंबरपर्यंत घेतले जातात. कुलाब्याच्या टीआयएफआरचा 'व्हीएसआरपी' हाही उन्हाळ्याचाच कार्यक्रम, त्याची जाहिरात हिवाळ्यात पाहायची. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. वाशीनंतर खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन! तिथे २००४ पासून 'नियस' हा उपक्रम चालतो, खास बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. आधी शिबिर, मग निवड झालेल्यांना प्रोजेक्ट. तारखा आणि पात्रता दरवर्षी थोड्या बदलतात, म्हणून संस्थेच्या वेबसाइटवरच पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

दोन महिन्यांनी काय फरक पडतो? सर्टिफिकेट ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरी कमाई शिफारसपत्राची. ऐंशी मुलांच्या वर्गाला शिकवणारे सर मनापासून लिहायला बसले तरी 'हुशार, वक्तशीर, नम्र' यापलीकडे काय लिहिणार? ज्याने तुमचा प्रयोग तीनदा फसलेला आणि चौथ्यांदा तुम्ही तो नव्याने मांडलेला पाहिला, त्याच्या पत्राला वजन असतं. पुढच्या प्रवेशात गुणपत्रिकेच्या जोडीला हेच पत्र वाचलं जातं.

आता घरातला मोठा प्रश्न: अजून किती शिकवायचं? इथे एक गैरसमज काढायला हवा. विज्ञानातली पीएच.डी. चांगल्या संस्थेत फेलोशिपवर होते. नेट-जेआरएफ मिळालेल्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप मात्र केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. तिच्या भरवशावर बसलेल्या घरांना तो फटका होता, आणि आपल्या मते तो निर्णय चुकीचाच होता. पण त्यामुळे जेआरएफची खुली स्पर्धा टाळून चालणार नाही. बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी.साठी 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. गेली काही वर्षं रमजानही याच सुमारास येतोय, तेव्हा अभ्यास जानेवारीपर्यंत उरकलेला बरा.

परदेशाचं गणित वेगळं आहे आणि ते सूद टाळणाऱ्या घरांनी नीट समजून घ्यावं. अमेरिकेत एम.एस.साठी बहुधा स्वतःचे पैसे किंवा कर्ज लागतं. विज्ञान-इंजिनीअरिंगच्या पीएच.डी.ला मात्र बहुतेक विद्यापीठं फी माफ करून वर स्टायपेंड देतात. चार वर्षांची पदवी असेल तर अनेक ठिकाणी एम.एस. न करताही अर्ज करता येतो. कन्सल्टन्सीच्या पोस्टरवर ही ओळ सहसा दिसत नाही! अर्ज डिसेंबरच्या आसपास, आणि शिफारसपत्रं साधारण तीन. पुन्हा तेच पत्र.

मुलीला दोन महिने बेंगळुरूला कसं पाठवायचं, हा अब्बा-अम्मींचा प्रश्न रास्त आहे. संस्थेत हॉस्टेल आहे का, ते आवारात आहे की बाहेर, हे निवडीचं पत्र आल्यावर ईमेलने विचारा, फोनही करा. उत्तर समाधानकारक नसेल तर जवळची संस्था बघा, मानखुर्द आणि खारघर तर रोज घरून जाण्यासारखी आहेत.

थेट शास्त्रज्ञाला ईमेल करायचा असेल तर 'आदरणीय सर/मॅडम' करत एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं काय समजलं नि काय अडलं ते चार ओळींत लिहा, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता ते सांगा. बकरी ईद सध्या मे महिन्याच्या उत्तरार्धात येते. त्या दोन दिवसांची सुट्टी हवी असेल तर तेही पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा.