झिर्कोनिया: पावडर तीच, भट्टी वेगळी

सिरॅमिक म्हटलं की डोळ्यांसमोर कप येतो, हातातून सुटला की फुटणारा. मग माणसाच्या खुब्यात, जिथे चालताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, तिथे सिरॅमिकचा गोळा बसवायचं धाडस कशाच्या जोरावर केलं गेलं? आज आपण झिर्कोनियाबद्दल बोलणार आहोत.

शुद्ध झिर्कोनिया भट्टीत भाजून थंड केला तर हमखास तडकतो. सुमारे 1170 अंश सेल्सियसच्या वर त्याच्या स्फटिकाची एक रचना असते, तिला टेट्रागोनल म्हणतात. थंड होताना ती मोडून मोनोक्लिनिक होते आणि कण 4 ते 5 टक्के फुगतो. घट्ट बसलेले सगळे कण एकदम फुगले तर तडे जाणारच! त्यात थोडा इट्रिया मिसळला (साधारण 3 मोल टक्के) आणि कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बारीक ठेवले, तर ती टेट्रागोनल रचना थंड झाल्यावरही टिकते. टिकते म्हणजे काय, तर अडवून धरलेली असते.

आता गंमत बघा. अशा तुकड्यात भेग शिरली की तिच्या टोकाजवळच्या ताणाने तिथले कण बदलतात, फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. 1975 साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी झिर्कोनियातला हा गुण 'नेचर'मध्ये मांडला. शीर्षक होतं 'सिरॅमिक स्टील?' त्यातलं प्रश्नचिन्ह उगाच नव्हतं. चिवटपणात पोलाद आजही कितीतरी पुढे आहे. पण अॅल्युमिनापेक्षा झिर्कोनिया नक्कीच सरस ठरला, आणि 1980च्या दशकात खुब्याचे गोळे त्याचे बनू लागले.

मात्र भेगेशी जे घडतं तेच पाण्याच्या वाफेनेही घडू शकतं, अगदी हळूहळू. पृष्ठभागावरचा एक कण बदलतो, फुगतो, शेजारी बारीक तडे जातात, त्यातून ओलावा आत शिरतो, पुढचा कण बदलतो. म्हणजे ज्या गुणामुळे झिर्कोनिया चिवट, त्याच गुणामुळे तो म्हातारा होतो. हे किती वेगाने होईल ते कणांचा आकार आणि उरलेली छिद्रं ठरवतात, म्हणजे शेवटी भाजणीच.

युरोपातल्या एका मोठ्या उत्पादकाने 1998 मध्ये गोळे एकेक घाण्याने भाजणारी भट्टी सोडून बोगदा-भट्टी घेतली. पावडर तीच, मिश्रण तेच. 2001 पर्यंत जगभरात सुमारे 400 गोळे रुग्णांच्या शरीरात फुटले, तेही बसवल्यानंतर थोड्याच काळात. फुटलेले बहुतेक या नव्या भट्टीच्या मोजक्या बॅचमधले. प्रत्येकामागे एक माणूस, पुन्हा शस्त्रक्रिया, आणि सांध्यातून सिरॅमिकची कच वेचून काढण्याचं अवघड काम. माल परत मागवला गेला. झिर्कोनियाच्या गोळ्यांवरचा विश्वास मात्र परत आला नाही.

त्यानंतर वेगवर्धित चाचणीला महत्त्व आलं: 134 अंशांच्या वाफेत, 2 बार दाबाखाली, 5 तास. अशा वाफेतला एक तास म्हणजे शरीरातली तीन-चार वर्षं, असा हिशेब सांगतात. आम्ही तो जपूनच वापरतो, कारण प्रत्येक झिर्कोनियाचा वेग निराळा असतो. आज खुब्यात मुख्यतः अॅल्युमिना असतो आणि त्यात झिर्कोनियाचे कण पेरलेले असतात. शुद्ध अॅल्युमिनापेक्षा चिवट, आणि ओलाव्याला वाट कमी. दातांच्या कॅपसाठी मात्र झिर्कोनिया अजून जोरात चालतो. तिथली भाजणी हा पुढच्या व्याख्यानाचा विषय.