सिंहगडाच्या वरची सरस्वती

कार्तिकात रात्री आठच्या सुमाराला खडकवासल्याच्या धरणावरून सिंहगडाकडे तोंड केलं, की गडाच्या खूप वर मीन रास असते. तिचे तारे मुळातच मंद, त्यात पुण्याच्या दिव्यांचा उजेड. दिसली तर नशीब. पण त्याच दिशेला, सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षांवर, पुण्यातच शोध लागलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह आहे. आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे जयदीप बागची, आयसर या विज्ञान संस्थेचे शिशिर सांख्यायन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये तो जाहीर केला. त्यात किमान 43 दीर्घिकासमूह आहेत आणि विस्तार सुमारे 60 कोटी प्रकाशवर्षं.

त्यांनी वापरली ती माहिती न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीची, म्हणजे स्लोन सर्वेक्षणाची. खगोलीय विषुववृत्तालगतचा अडीच अंश रुंद पट्टा तिने पुन्हा पुन्हा टिपला होता. पण फोटोत खोली नसते. जवळची फिकट दीर्घिका आणि दूरची तेजस्वी दीर्घिका त्यात सारख्याच दिसतात.

खोलीचा सुगावा रंगात मिळतो. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या दीर्घिकेचा प्रकाश 400 नॅनोमीटरच्या अलीकडे एकदम घसरतो, कारण ताऱ्यांच्या वातावरणातली धातूंची मूलद्रव्यं तो शोषून घेतात. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ही घसरण तांबड्या बाजूला सरकते, हीच रेडशिफ्ट; दीर्घिका जितकी दूर, तितकी ती जास्त. सरस्वतीची रेडशिफ्ट 0.28, म्हणून तिच्यातल्या दीर्घिकांची ही पायरी 512 नॅनोमीटरला, हिरव्या फिल्टरच्या आत सापडते. पाच फिल्टरांतून घेतलेल्या तेजाची तुलना केली की ही पायरी कुठे आहे ते, आणि त्यावरून अंतर, ताडता येतं.

मात्र धुळीनेही दीर्घिका तांबूस दिसते, वयानेही. म्हणून ज्यांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार बारीक फोड, हाताशी आहे आणि त्यावरून रेडशिफ्ट नेमकी ठाऊक आहे अशा दीर्घिकांवर संगणकाला शिकवतात आणि मग उरलेल्यांचं अंतर विचारतात. खगोलशास्त्रज्ञ योगेश वाडदेकर यांनी 2005 मध्ये स्लोनच्याच दीर्घिकांसाठी ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’ ही संगणकाला शिकवण्याची पद्धत वापरून दाखवली. ते आज पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोलशास्त्र संस्थेत आहेत.

तरीही रंगावरून काढलेल्या रेडशिफ्टच्या या अंदाजात साधारण 0.02 ची चूक राहतेच. आकडा किरकोळ वाटतो, पण सरस्वतीच्या ठिकाणी त्याचा अर्थ वीस-पंचवीस कोटी प्रकाशवर्षं! एवढ्या चुकीत महासमूहाची रचना पुसटच होऊन जाईल. त्यामुळे ‘सरस्वती’ पक्की करायला वर्णपटच लागले. अंतर चुकलं की बाकीचंही बिघडतं: अंतर दहा टक्के जास्त धरलं, तर दीर्घिकेचं खरं तेज एकवीस टक्के जास्त निघतं आणि ताऱ्यांचं वस्तुमानही त्याच मापात फुगतं. मला तर अंतरापेक्षा त्याच्यासोबत दिलेली चूक अधिक मोलाची वाटते. ती नसेल तर आकडा कितीही नेमका दिसो, त्यावर काही उभारता येत नाही.

चिलीतल्या रुबिन वेधशाळेने 2025 मध्ये पहिली चित्रं दिली. तिथे फिल्टर सहा, कॅमेरा 3200 मेगापिक्सेलचा, आणि दहा वर्षांत सुमारे 2000 कोटी दीर्घिका टिपण्याची अपेक्षा. त्यांतल्या बहुतेकींचा वर्णपट कधीच घेतला जाणार नाही. त्यांचं अंतर रंगावरूनच काढावं लागेल, आणि संगणकाला शिकवायला मोजक्या दीर्घिकांचे वर्णपट कोणाला तरी घेत राहावे लागतील.